चौसष्टनंतरचं पान

१

एप्रिल दोन हजार चारमधला एक शुक्रवार. सकाळी अकराच्या सुमाराला रुपाली गिऱ्हे ग्रंथालयाच्या काउंटरसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मला खोटारडी ठरवलं."

ग्रंथपाल सुनीती आठल्ये यांनी चष्मा कपाळावर सरकवला. वाचन कक्षात त्या दोघींशिवाय कोणी नव्हतं, आणि त्यात नवल काहीच नव्हतं. मुलं हल्ली नेट कॅफेत जाऊन पानंच्या पानं छापून आणायची. ग्रंथालयाशी त्यांचा संबंध उरला होता तो परीक्षेआधी दाखल्यावर सही घेण्यापुरता. कित्येक दिवशी सुनीतीबाईंच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो दुपारी चहावाल्याशी, आणि शेवटचाही त्याच्याशीच. घरी बोलायला कोणी नव्हतं.

"बस," त्या म्हणाल्या. "आधी रडून घे, मग सांग. दोन्ही एकदम केलंस तर मला एकही कळणार नाही."

"मी रडून नाही राहिले, मॅडम," रुपाली म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसले.

ती वाशीमची. कॉट बेसिसवर राहून एम.फिल. करत होती. विषय होता खराडीतल्या विहिरींचं पाणी. गेल्या मे महिन्यात भर उन्हात तिने एकटीने टेप सोडून विहिरी मोजल्या होत्या आणि प्रबंधात लिहिलं होतं की सतरा वर्षांपूर्वी तिथे मे महिन्यात पाणी सरासरी चार मीटरवर होतं, आता ते बावीसवर गेलंय. जुना आकडा एका लेखातला होता. बाहेरच्या परीक्षकांनी त्या लेखाची झेरॉक्स मागितली. मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतः खंड उघडून पाहिला आणि शेरा मारला : 'असा लेख नाही. संदर्भ बनावट.'

"सोमवारी समितीपुढे लेख दाखवायचा, नाहीतर नोंदणी रद्द. मॅडम, एकदा घरी गेले की मला परत कोणी पाठवणार नाही."

सुनीतीबाईंनी तिची संदर्भसूची ओढून घेतली. जे. रतन, 'खराडी परिसरातील विहिरींची जलपताळी', दख्खन भूगोल, खंड ९, अंक २, १९८७, पृष्ठे ७१ ते ८४.

"लेख वाचलास?"

"नाही."

"मग तो तुझ्या सूचीत काय करतोय?"

रुपालीने मान खाली घातली. सुनीतीबाई उठल्या. 'दख्खन भूगोल' हे कॉलेजच्याच भूगोल विभागाचं त्रैमासिक होतं. ते बंद पडून दहा वर्षं झाली होती. त्यांनी सत्याऐंशी सालचा बांधीव खंड काढला आणि अनुक्रमणिकेकडे न बघता नुसती पानं उलटत गेल्या. बासष्ट. त्रेसष्ट. चौसष्ट.

मग त्या थांबल्या. चौसष्टच्या पुढचं पान एकशे एकोणतीस होतं.

"परीक्षक शिकलेले आहेत, पण त्यांनी आकडे मोजले नाहीत," त्या म्हणाल्या. "वर्षभराच्या अंकांना सलग पानं घालायची पद्धत होती. पासष्ट ते एकशे अठ्ठावीस म्हणजे अख्खा दुसरा अंक. तुझा लेख त्यातच असणार. तो बनावट नाही, रुपाली. तो कोणीतरी नेलाय."

२

नियतकालिकांच्या आवक रजिस्टरात नोंद सापडली : अंक दोन, नऊ जून एकोणीसशे सत्याऐंशी, पोच. पुढच्या फेब्रुवारीत बाइंडिंगला पाठवलेल्या यादीत मात्र फक्त अंक एक, तीन, चार. अंक गेला तो मधल्या आठ महिन्यांत. सुनीतीबाई तेव्हा इथे नव्हत्या. त्या नव्वदला आल्या.

त्यांनी पुण्यातल्या दोन ग्रंथालयांना फोन लावला. जुनी ओळख होती. दोन्हीकडच्या लोकांनी उठून कपाट पाहिलं. दोन्हीकडे सत्याऐंशीचे तीनच अंक होते. दोन्हीकडे दुसराच नव्हता.

"एका ठिकाणी हरवला तर निष्काळजीपणा," फोन ठेवत त्या म्हणाल्या. "तीन ठिकाणी तोच अंक हरवला तर माणूस शोधायचा."

"आणि हे जे. रतन कोण, मॅडम? उत्तरेकडचे असतील का?"

लेखकांच्या आणि जुन्या सभासदांच्या कार्डांचे खण त्यांनी तपासले. 'र' खाली रतन नावाचं एकही कार्ड नव्हतं.

"ते राहू दे. हा संदर्भ तू कुठून उतरवलास?"

 रुपाली म्हणाली, "आमच्याच विभागातल्या सुदर्शनच्या प्रबंधातून. नव्व्याण्णवच्या."

सुनीतीबाईंनी तोही प्रबंध काढला. सूचीतली ओळ अक्षरशः तीच होती. त्यांनी एका शब्दावर पेन्सिल टेकवली.

"हे वाच."

"जलपातळी."

"तुला पाहिजे ते वाचू नकोस. लिहिलंय ते वाच."

रुपालीने पुन्हा पाहिलं. 'जलपताळी'. काना चुकीच्या अक्षरावर पडला होता. तिच्या स्वतःच्या सूचीतही तसाच.

"लेख उघडून पाहणारा माणूस एखादी चूक स्वतःची करेल, दुसऱ्याची करणार नाही. तू सुदर्शनची चूक उचललीस. आता बघायचं, त्याने कोणाची उचलली."

३

सुदर्शन खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. शनिवारीही कामावर होता. गळ्यात ओळखपत्र अडकवून तो गेटबाहेर आला आणि टपरीवर तिघांसाठी चहा सांगितला.

"मॅम, ऑनेस्टली सांगू? जॉग्रफीतून मी कधीच बाहेर पडलो. हे सगळं कोण वाचतं? रेफरन्स लिस्ट लांब दिसली पाहिजे, बस."

"लांब दिसली," सुनीतीबाई म्हणाल्या. "त्यात हिचा पाय अडकला. लेख पाहिला होतास?"

"नाही."

"मग आकडा?"

"आकडा आणि रेफरन्स, दोन्ही परचुरे सरांच्या पीएच.डी.तून घेतले. सरच गाईड होते ना. त्यांना स्वतःचं काम दिसलं की बरं वाटायचं."

रुपालीने चहाचा कप तसाच खाली ठेवला. डॉ. अनिरुद्ध परचुरे तिचेही गाईड होते. समितीसमोर त्यांनी सांगितलं होतं की हा संदर्भ आपण दिलेला नाही, असा लेख आपल्या पाहण्यातही नाही.

परत निघताना सुदर्शन गेटपाशी घुटमळला. मागे काचेची सात मजली इमारत उन्हात डोळ्यांना सहन होत नव्हती. "मॅम, कॉलेजचं कोणी आलं की बरं वाटतं," तो म्हणाला. "इथे पाच वर्षं आहे. शेजारच्या क्यूबिकलमधल्याचं आडनाव मला माहीत नाही."

४

परचुरे सर घरीच होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांनी सुनीतीबाईंना बसायला सांगितलं, पण स्वतः उभेच राहिले.

"आठल्येबाई, आपण ग्रंथपाल आहात. चौकशी अधिकारी कधीपासून झालात?"

"वाचक यायचे थांबले तेव्हापासून. वेळ असतो. आपण जे. रतन यांचा लेख पाहिला आहे का?"

"नाही. मुलगी बेजबाबदार आहे. हल्ली सगळीच आहेत. कुठूनतरी उचलायचं आणि खाली नाव टाकायचं."

"मूळ लेखाची प्रत आपल्याकडे असण्याची काही शक्यता?"

"जो लेखच नाही त्याची प्रत कशी असेल?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "चहा घेतला असता, पण मला बाहेर जायचंय."

सुनीतीबाई तिथून थेट ग्रंथालयात आल्या. शनिवारची दुपार, शिपाईसुद्धा गेला होता. त्यांनी स्वतःच शिडी लावली आणि वरच्या फळीवरून परचुरेंचा प्रबंध काढला. संदर्भसूचीत तो होता : जे. रतन, 'जलपताळी', खंड ९, अंक २, पृष्ठे ७१ ते ८४. चूक इथेच जन्मली होती, यांच्या टंकलेखकाच्या बोटांखाली.

म्हणजे सर खोटं बोलले होते. पण का? स्वतःच्याच प्रबंधातला संदर्भ माणूस नाकारेल कशाला?

त्यांनी पहिलं पान उघडलं. प्रतिज्ञापत्राखाली सही होती आणि तारीख : वीस मार्च एकोणीसशे सत्याऐंशी.

आवक रजिस्टर अजून टेबलावर उघडंच होतं. अंक ग्रंथालयात आला नऊ जूनला. म्हणजे परचुरेंनी अडीच महिने आधी, अंक निघालेलाच नसताना, लेखाचे पान क्रमांक लिहिले होते.

छापून न आलेल्या लेखाला लोक 'प्रकाशनाधीन' असं लिहितात. पान क्रमांक कोणालाच माहीत नसतात. माहीत असतात ते फक्त एकाला. सुनीतीबाईंनी बांधीव खंडातला पहिला अंक उघडला आणि मलपृष्ठाच्या आतल्या बाजूची बारीक अक्षरं वाचली.

'मुद्रितशोधन : अ. परचुरे.'

५

प्रुफं त्यांच्या हातात होती हे कळलं. पण अंक कोणी नेला ते अजून कळलं नव्हतं. सत्याऐंशीत ग्रंथालयातले अंक ज्याच्या हातून जात-येत, तो शिपाई कोंडीराम खुटवड आता कात्रजला मुलाकडे राहत होता. रविवारी सकाळी सुनीतीबाई आणि रुपाली तिथे पोचल्या, तेव्हा म्हातारा ओट्यावर एकटाच बसला होता. घरातली सगळी लग्नाला गेली होती.

"बाई तुमी? हितं?" तो धडपडत उठला. "पोरी, आतनं पाणी घे. आज घरात कुणी न्हाय."

सुनीतीबाईंनी त्याला अंकाचं सांगितलं. 

"त्यो मीच दिला," तो म्हणाला. "कुणी चोरला न्हाय."

"कोणाला दिलात?"

"जयाबाईस्नी. पीएच.डी. करीत हुत्या. रोज यायच्या, त्या खिडकीपाशी एकट्याच बसायच्या. येक दिवस अंक आला आन् तो उघडून त्या तशाच बसून ऱ्हायल्या. ग्रंथालय बंद करायची येळ झाली. मी जवळ गेलो तर म्हनल्या, कोंडीराम, ह्यात माझ्या नावानं खोटं छापलंय. वही काढून मला दाखवलं. येक आकडा हितला, येक तितला. मला काय कळतंय त्यातलं? पर मी म्हनलं, खोटं हाय तर फळीवर ठिवायचं कशाला? घिऊन जा."

"साहेबांना सांगितलं नाहीत?"

"कुणी इचारलंच न्हाय. सतरा वर्षांत तुमी पयल्या."

"जया काय? आडनाव?"

"आडनाव लावत नव्हत्या. आडनावावरनं लोक जात काढत्यात म्हनायच्या. बापाचं नाव रतन. जया रतन, येवढंच लिवायच्या."

रुपालीने सुनीतीबाईंकडे पाहिलं. सुनीतीबाई उभ्या राहिल्या होत्या. आडनाव समजून त्यांनी 'र'चा खण उघडला होता. जिला आडनावच नाही, तिचं कार्ड 'ज'मध्ये असणार होतं.

ग्रंथालयात परतून त्यांनी पाहिलं, तर ते तिथेच होतं. पिवळं पडलेलं सभासद-कार्ड, सुवाच्य अक्षर, पत्ता शनिवार पेठेतला.

६

शनिवार पेठेत एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. दार उघडणारी बाई पंचेचाळिशीची, अंगावर साधी सुती साडी. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पुस्तकं, आणि टेबलावर एकच ताट वाढलेलं.

"जया रतन आपणच का?" सुनीतीबाईंनी विचारलं. "आम्ही खंड नऊ, अंक दोनसाठी आलोय."

बाईंनी दाराची चौकट धरली. त्यांनी काहीही नाकारलं नाही. दोघींना आत घेतलं, ताटावर ताट झाकलं आणि कपाटातून तीन अंक काढून समोर ठेवले.

"एक कोंडीरामांनी दिला. बाकी दोन ठिकाणी मागायचं धाडस झालं नाही, पिशवीत घालून आणले. चोरीच ती. माझ्या हातून झालेली एकच."

मग त्यांनी एक वही काढली. एकतीस विहिरी, प्रत्येकीची जानेवारीची आणि मेची मापं, शाईने लिहिलेली. मेची सरासरी नऊ पूर्णांक सहा मीटर. छापलेल्या तक्त्यात चार पूर्णांक तीन.

"मेचा अख्खा रकाना बदलला होता. संपादकांना दोन पत्रं लिहिली. ते विभागप्रमुख होते. उत्तर आलं नाही. भेटायला गेले तर म्हणाले, छापलंय ना नाव, मग आता काय हवंय? त्यानंतर मी तिथे गेले नाही. परीक्षा देऊन सरकारी कचेरीत लागले. नावावर खोटं आहे ते कोणी वाचू नये, एवढंच माझ्या हातात होतं." त्या रुपालीकडे वळल्या. "पण न वाचताच लोक पुढे लिहीत जातात, हे मला माहीत नव्हतं."

रुपालीला वर बघवेना.

"प्रमुखांनी बदललं असं तुम्हाला वाटतं?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"त्यांच्याशिवाय कोण? ते आता नाहीतही."

सुनीतीबाईंनी वीस मार्च आणि नऊ जून सांगितलं. पान क्रमांकांचं सांगितलं, मलपृष्ठावरच्या ओळीचं सांगितलं. परचुरेंच्या प्रबंधाचा मुद्दाच होता की नदीकाठच्या विहिरींची पातळी वर्षभर स्थिर राहते. त्यासाठी लागणारा मेचा आकडा छापलेल्या तक्त्यात होता, वहीत नव्हता.

जयाबाईंनी वहीतल्या मेच्या रकान्यावरून बोट फिरवलं. खाली छापखाना बंद होता, रस्त्यावरून एक स्कूटर गेली.

"अनिरुद्ध टेप धरायला यायचा माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "जानेवारीत. मेमध्ये त्याला वेळ नव्हता. भाकरी आम्ही एकाच डब्यातली खायचो. सगळ्या विभागात तेवढा एकच माणूस होता, जो माझ्याशी बोलायचा." त्यांनी वही मिटली. "सतरा वर्षं मी भलत्याच माणसावर रागावले."

७

सोमवारी समिती बसली तेव्हा रुपालीच्या हातात अंक होता. परीक्षकांनी तो उघडला, एकाहत्तरावं पान पाहिलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"लेख आहे," ते म्हणाले. "मी शेरा मागे घेतो."

रुपालीला तिथेच थांबता आलं असतं. ती उभीच राहिली. "सर, लेख आहे, पण त्यातला आकडा खोटा आहे. आणि मी तो न वाचता वापरला. ती चूक माझीच." तिने आपला प्रबंध पुढे सरकवला. "खरा आकडा धरला तर पाणी अठरा नाही, साडेबारा मीटरच खाली गेलंय. माझा निष्कर्ष तेवढा कमी होतो."

"आकडा खोटा आहे हे कोण म्हणतं?" परीक्षकांनी विचारलं.

दार उघडून सुनीतीबाई आत आल्या. त्यांच्यामागून जयाबाई आल्या, हातात वही घेऊन. परचुरे सरांनी वर पाहिलं. सुनीतीबाईंनी पिशवीतून त्यांचा प्रबंध काढला, आवक रजिस्टर काढलं, दोन्ही त्यांच्यासमोर ठेवलं. पहिल्या पानावरच्या तारखेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "सर, आपण सांगता की मी सांगू?"

सर उठले. त्यांनी स्वतःची खुर्ची जयाबाईंच्या दिशेने सरकवली. त्या बसल्या नाहीत.

"या जया रतन," ते समितीला म्हणाले. "लेख यांचा आहे. तक्ता माझा."

परीक्षकांनी तक्त्याचं पान पुन्हा उघडलं.

"यांची जानेवारीची मापं माझ्याकडे होती. मेमध्येही तेवढंच असेल असं धरून मी प्रकरण लिहिलं. पाच प्रती टाइप झाल्या होत्या, फक्त संदर्भसूची राहिली होती. तेव्हा प्रुफं आली आणि त्यात मेचे आकडे होते. पुन्हा सगळं करायचं म्हणजे वर्ष गेलं असतं. मला वाटलं, एकच रकाना आहे. विहिरीत कोण उतरून बघणार आहे?" त्यांनी जयाबाईंकडे बघायचा प्रयत्न केला. "अंक नाहीसा झाला हे मला लगेच कळलं होतं. मी दर वर्षी फळी बघून यायचो. बरं वाटायचं."

"मला एकदा विचारायचं होतंस," जयाबाई म्हणाल्या. "मी तुला आकडे दिले असते. प्रकरण लिहायला मदतही केली असती."

 समितीने रुपालीला दोन महिने वाढवून दिले. परचुरे सरांनी त्याच दुपारी स्वतःच्या प्रबंधाबद्दल लेखी कबुली दिली. त्यांची चौकशी पुढे वर्षभर चालली. भूगोल विभागात त्यांच्या टेबलाशी जाऊन बसणारं त्यानंतर कोणी राहिलं नाही. सुनीतीबाईंनी त्यांना एकदा बागेत बाकावर पाहिलं, आणि का कोण जाणे, त्या न बोलता पुढे गेल्या याचं त्यांना नंतर वाईट वाटलं.

८

मेच्या दुसऱ्या रविवारी तिघी खराडीला गेल्या. रुपालीला नवी मापं घ्यायची होती आणि जुन्या विहिरी नेमक्या कुठे होत्या ते एकट्या जयाबाईंना माहीत होतं. सुनीतीबाईंचं तिथे काही काम नव्हतं. "घरी बसून तरी काय करायचंय?" असं म्हणून त्या छत्री घेऊन आल्या होत्या.

एकतीसपैकी नऊ विहिरी सापडल्या. दोन कचऱ्याने भरल्या होत्या. सातांमध्ये टेप सोडता आली. रुपाली टेप सोडायची, जयाबाई वाकून आकडा वाचायच्या, सुनीतीबाई दोघींवर छत्री धरायच्या. बोलणं फारसं झालं नाही. दुपारी एका भिंतीच्या सावलीत डबे उघडले, तेव्हा जयाबाईंनी न विचारता रुपालीच्या डब्यात भाजी वाढली.

शेवटची जागा बावीस नंबरच्या विहिरीची. तिथे एका कंपनीचं वाहनतळ होतं. जयाबाई रस्त्यापासून पावलं मोजत आल्या, थोडं डावीकडे सरल्या, आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"इथे," त्या म्हणाल्या. "मेमध्ये दहा मीटर दहा सेंटिमीटर होतं. काठावर शिवरीचं झाड होतं."

सुरक्षारक्षक लांबून हात हलवत येत होता. रुपालीने डांबराकडे पाहिलं, मग वहीकडे. बाकीच्या ओळींतले आकडे बघून इथेही काहीतरी अंदाज टाकता आला असता. तिने पेन टेकवलं आणि लिहिलं : 'विहीर क्र. २२. बुजवलेली. माप घेता आले नाही.'

जयाबाईंनी वही तिच्या हातातून घेतली, ओळ दोनदा वाचली आणि परत दिली.

"बरोबर लिहिलंस," त्या म्हणाल्या.